लेखी दिलेलं

सुगंधी तेल शुद्ध करायच्या पात्रापाशी माझी सव्वीस वर्षं गेली. आतल्या खदखदीवरून मी आच अचूक ओळखायचो, तापमानाच्या काट्याकडे बघायचोसुद्धा नाही. नव्या साहेबांच्या डोळ्यांत मी खुपायचो. माझे तीन अर्ज त्यांनी "रडगाणं नको" म्हणत न वाचताच कपाटात कोंबले. मग महिनाभर वही घेऊन माझ्या मागे फिरले. मी कान देऊन आकडा सांगायचो, ते वहीतून मान वर न काढता टिपून घ्यायचे. वही भरली, तसा मला नारळ दिला.

निघताना हसत विचारलं, "काही सांगायचं राहिलंय का, काका?"

"नाही साहेब. सगळं लेखी दिलंय."

आज त्यांचा फोन आला. "काटा बरोबर तुमच्याच आकड्यावर आणला, तरी अख्खा माल करपला! मुद्दाम खोटे आकडे सांगितलेत ना?"

"एकही नाही. कपाट उघडून अर्ज वाचा, मी थांबतो."

कागदांची सळसळ मी निवांत ऐकत बसलो.



तिन्ही अर्जांत एकच ओळ होती : 'पात्राचा काटा आठ अंश कमी दाखवतो, कृपया बदलावा.'