नाव-गावासकट

सगुणाची पाटी अजून भरलेलीच होती. बुधवारची सकाळ, डोंबिवलीचा मासळीबाजार गिऱ्हाइकांनी गजबजलेला, आणि सगुणापुढे मात्र चिटपाखरू नव्हतं. नव्या अंकाचा गठ्ठा काखेत मारून आलेली उत्तरा लांबूनच थबकली.

‘चौथा तास’ हे उत्तरा आणि तिच्या दोस्तांचं पाक्षिक. विद्यार्थ्यांचं, पण कॉलेजचं नव्हे, हे ती मंडळी उठता बसता बजावत. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे पंच्याऐंशी साली, छपाईआधी मजकूर दाखवायची अट प्राचार्यांनी घातली, तेव्हा मुलांनी कॉलेजचा हात सोडला आणि नौपाड्यातल्या एका छापखान्यात आपला आपण अंक काढायला सुरुवात केली. त्या वेळी प्राचार्य म्हणाले होते की निनावी चिखलफेकीला पत्रकारिता म्हणत नाहीत. ते मुलांना भलतंच झोंबलं. मग त्यांनी नियमच करून टाकला: ज्याचं बोलणं छापायचं त्याचं नाव आणि गाव छापायचं, एरवी एक ओळसुद्धा नाही. या नियमाचा त्यांना कोण अभिमान.

गेल्या अंकात उत्तरानं खाडीवर लिहिलं होतं. केमिकल कंपन्यांचं पाणी खाडीत उतरतं, मासळीला औषधासारखा वास येतो, हे सगळ्याच कोळणी दबक्या आवाजात सांगत होत्या. नाव द्यायला मात्र एकटी सगुणा तयार झाली. खरं बोलायला भ्यायचं कशाला, असं तिचं म्हणणं. उत्तरानं तिचं नाव ठळक टाइपात घातलं. अंक हातोहात खपला, घराघरांत गेला. कंपन्यांचं पाणी वाहायचं ते वाहतच राहिलं. लेख मनावर घेतला तो गिऱ्हाइकांनी. उत्तराच्या घरी तर अंक आल्या दिवसापासून मासळी बंद होती. लेकीच्या लेखणीवर आईचा तेवढा विश्वास होता.

उत्तराच्या देखत शेजारच्या सुहासिनीकाकू सगुणाची पाटी टाळून पुढे गेल्या आणि विमलाबाईकडे वाकल्या. विमलाबाई ही सगुणाची धाकटी जाऊ. दोघींची कोळंबी एकाच होडीतून, एकाच जाळ्यातून आलेली. काकूंनी पिशवी भरून घेतली आणि वळता वळता त्यांना उत्तरा दिसली.

“छान लिहिलंस हं,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “आणि नाव छापलंस ते फार बरं केलंस. नाहीतर कोणाकडची घ्यायची नाही, ते आम्हाला कसं कळणार?”

उत्तरानं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली की प्रश्न सगुणाचा नाही, सबंध खाडीचाच आहे, मासळी तर सगळ्यांची... आणि तिची नजर विमलाबाईवर गेली. विमलाबाईचा कोयता हातातच थांबला होता. ती डोळे वटारून उत्तराकडे बघत होती. आणखी एक वाक्य पुरं केलं असतं तर हीही पाटी भरलेलीच घरी गेली असती. उत्तरा गप्प बसली. काकूंना गाडी गाठायची घाई होती, त्या गेल्या.

उत्तरा सगुणासमोर जाऊन उकिडवी बसली. शिव्या खायची तिची तयारी होती, खरं तर सगुणानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं. पण सगुणानं कोळंबीवर पाणी शिंपडलं आणि सरळ कामाचं विचारलं.

“आता लिव ना गो बाय, वास गेला म्हनून.”

“गेलाय का, मावशी?”

“नाय गेला. पन तू लिव.”

खोटं छापता येत नाही, हे उत्तरानं समजावून सांगितलं. तिचं तिलाच ते प्राचार्यांच्या भाषणासारखं वाटलं. मग माझं नाव तरी काढून टाक, असं सगुणा म्हणाली. उत्तरा म्हणाली की अंक गेले, ते आता कोणाकोणाच्या घरी आहेत. सगुणाला तेही कळलं. बाजूला विमलाबाईकडे एक गिऱ्हाईक आलं, दुसरं आलं. उत्तराच्या काखेत नव्या अंकाचा गठ्ठा होता आणि त्यात या बाईच्या उपयोगाचं एक अक्षर नव्हतं.

“सगळी कोळंबी मला द्या, मावशी,” ती एकदम म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

सगुणानं तिच्याकडे बघितलं. मग खरंच पिशवी घेतली, ओंजळीनं कोळंबी भरली, वरची चार सालं झटकली. पिशवी पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

“घरी जाऊन खाशील?”

उत्तराच्या तोंडून हो निघेना. नुसतं हो म्हणायचं होतं, पुढचं कोणी बघायला येणार नव्हतं. तरी निघेना.

सगुणानं पिशवी पाटीत पालथी केली आणि वर ओलं फडकं ओढलं. ती चिडलेली दिसत नव्हती. ऊन चढलं होतं, बाजार पांगायला लागला होता. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलायला वाकली.

“आमी खाताव गो,” ती म्हणाली. “इकली नाय ती सगली घरी शिजते. पोरा खातान. ते नाय लिवलंस तू.”