कुसाबाईंचा फोटो

“डोळे मिटू नका, आजी,” दुकानातली तृप्ती कॅमेऱ्याआडून तिसऱ्यांदा म्हणाली.

कुसाबाईंनी डोळे ताणले. पदर कपाळापर्यंत, गळ्यात तुळशीची माळ. निफाडच्या बसस्टँडसमोरच्या या फ्लेक्सच्या दुकानात त्या एकट्याच आल्या होत्या, तेही सोमवारच्या उपाशी पोटी. घरी देवळात जाते म्हणून सांगितलं होतं. खोटं नको म्हणून आधी महादेवाला नमस्कारही करून आल्या होत्या.

गेल्या महिन्यात त्यांची थोरली जाऊ गेली. दशक्रियेच्या फ्लेक्सला फोटो हवा म्हणून पोरांनी घर पालथं घातलं. एकटीचा असा एक फोटो मिळाला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून तिचा चेहरा कापून काढला. अर्धा गाल नवरदेवाच्या फेट्याआड गेलेला. चौकात बाया थांबून विचारायच्या, ही कोण गं? चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात पोळ्या लाटणारी बाई, आणि तिला कुणी ओळखेना. कुसाबाईंनी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली. आपला चेहरा आपण धडधाकट असतानाच कॉम्प्युटरात ठेवून जायचा.

फोटो निघाला. पडद्यावर स्वतःला एवढं मोठं पाहून त्या जराशा लाजल्या. मग म्हणाल्या, नीट ठेव, पुसला नाय गेला पाहिजे. दोन ठिकाणी ठेवते, हा कॉम्प्युटर बिघडला तरी दुसरीकडे राहील, असं तृप्तीने सांगितलं. फोटोला नावही दिलं. पण कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचा, हे तिच्या तोंडून निघेना.

रोज पोथी वाचणाऱ्या कुसाबाईंना पडद्यावरची अक्षरं लागत होती. एकाखाली एक दोन फोल्डर होते, ‘वाढदिवस’ आणि ‘श्रद्धांजली’.

“टाक की खालच्यात. त्यासाठीच आले ना मी.”

तृप्तीने तो उघडला. पुरुष कडक इस्त्रीतले, एकेकटे, समोर बघणारे. बाया मात्र सगळ्या कापून काढलेल्या. कुणाच्या खांद्यावर परका हात राहिलेला, कुणाच्या कानाशी नातवाचा फुगा.

कुसाबाई म्हणाल्या, आता वरचा दाखव. त्यात गॉगल होते, हार होते, भाऊ, दादा आणि शेठ होते. त्यांचा मुलगा संतोष चार वेळा होता. शर्यतीचा एक बैल होता, गुलालाने माखलेला. त्यांनी विचारलं, यात बाई कुठाय? तृप्ती खालपर्यंत शोधत गेली. एकही सापडली नाही. कुणी सांगतच नाही हो आजी, असं ती पुटपुटली, जणू चूक तिचीच होती.

कुसाबाई बैलाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“माझा यात टाक,” त्या हळूच म्हणाल्या. “आन् चौकात लाव.”

तृप्ती गडबडली. त्याला जन्मतारीख लागते, म्हणाली. कुसाबाईंनी सांगितलं, आधारवरची तारीख अंदाजाची हाय, खरी एकट्या आईला ठाऊक होती. आजची टाक.

तृप्तीने टाकली. मग कीबोर्डवर बोटं ठेवून तिने विचारलं, “आणि शुभेच्छुक? खाली कुणाकुणाची नावं घालू?”

“माझं एकटीचं घाल. बाकीच्यांना जागा सोड. येतील वाचून.”