बुडाखालचा पेपर

खुर्ची जागची हलत नव्हती आणि खंडेराव मात्र तीस फूट उंचावरून सुसाट निघाला होता. डोळ्यांवर कंपनीने आणलेला तो डबड्यासारखा चष्मा. त्यात खोटी क्रेन, खोटी शेड, हुकाला टांगलेला खोटा साचा. लिव्हर रेटला की शेड मागे पळायची आणि सकाळचा चहा घशाशी यायचा.

बुडाखाली पेपर होता. वणीच्या गडाच्या घाटात फुलाबाईला गाडी लागते, म्हणून ती बसमध्ये पेपरवर बसते. परवा सरावाहून नवरा पार पिवळा पडून घरी आला, तेव्हा तिने तोच उपाय डब्यासोबत बांधून दिला. बावीस वर्षं अंबडच्या कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या माणसाला खुर्ची लागावी, आता काय बोलायचं? जरा हललं की पेपर कुरकुरायचा. मागे बाकावर बसलेला रोहित खुदकन हसायचा.

रोहितचं काय, त्याने च्युइंगम चघळत अख्खी परीक्षा दिली होती. एक साचा इकडचा तिकडे झाला नाही. पुण्यात सहा वर्षं क्रेन चालवल्याचा दाखला होता त्याच्याकडे. नव्या क्रेनवर जागा एकच. खंडेराव नापास झाला तर उद्यापासून पॅकिंगला, खोकी बांधायला.

त्याने पुन्हा लिव्हर रेटला. खरी क्रेन निघताना केबिनला हिसका देते. बावीस वर्षांत तो हिसका अंगात मुरला होता. पाठ आपोआप मागे रेलली, पाय रोवले गेले, पेपर वाजला. पण हिसका आलाच नाही. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं पोटात झालं.

चौथ्या साच्याला त्याने चष्मा उपटला आणि कोपऱ्यातली बादली गाठली. बाहीने तोंड पुसलं. संपलं सगळं. टनाटनाचं लोखंड उचललं जन्मभर, आणि एका चित्रापुढे आतडी बाहेर आली. फुलाबाईला काय सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

परीक्षा घेणाऱ्या वेदिका मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली.

"नेमकं काय होतं, खंडेराव?"

"हिसका येत नाही, मॅडम. अंग वाट बघत बसतं."

मॅडम खुर्चीवरच्या चुरगळलेल्या पेपरकडे बघत राहिल्या.

"तरीच. क्रेन निघायच्या आधी हा पेपर दर वेळी वाजत होता." त्या बाकाकडे वळल्या. "रोहित, तुम्हीही सहा वर्षं केबिनमध्ये बसलात. तुम्हाला नाही चुकल्यासारखं वाटलं, हिसक्यावाचून?"

रोहितने च्युइंगम या गालातून त्या गालात सरकवलं.

"कसला हिसका, मॅडम?"