पिशवीनं धरलेला नंबर

नाट्यगृहाची तिकीटखिडकी उघडायला अवकाश होता. कुमुदताई गुंजाळांनी नंबर धरायला पिशवी रांगेत ठेवली आणि त्या चहाला निघाल्या.

लोक दचकून मागे सरले. बाजारातल्या स्फोटानंतर या गावात कुणी पिशवी खाली ठेवायला धजत नव्हतं. बेवारस पिशवी दिसली की दुकानं बंद व्हायची, शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं बघायचा, आणि पुढारी त्याच भीतीवर मतं मागायचे.

"ताई, पिशवी उचला!" बॉम्बशोधक पथकाचे शेलार हवालदार ओरडले.

"का म्हणून? स्फोटकं निकामी करणारी लहर कालपासून गावभर सोडलीय ना? भोंग्यावरून तुम्हीच सांगत फिरत होता, आता बॉम्ब फुटूच शकत नाही म्हणून."

"सांगितलं खरं," हवालदार पुटपुटले.

"मग स्वतःच्या बोलण्यावर तुम्ही तरी विश्वास ठेवा!" म्हणत ताई गेल्याही.

जरा वेळानं कुणीतरी पिशवीमागे छत्री ठेवली. मग डबा आला, चपला आल्या. माणसं सगळी चहाच्या टपरीवर गप्पा मारत उभी राहिली. टपरीवाल्याला कित्येक महिन्यांनी जास्तीचं दूध मागवावं लागलं.

हवालदार त्या रांगेकडे बघत राहिले. मग हळूच डोक्यावरची टोपी काढून त्यांनी चपलांमागे ठेवली आणि टपरीकडे हाक मारली, "ओ ताई, माझाही एक कटिंग सांगा!"