पक्का बसवलेला पंखा

“आज बोटीचा पंखा गळला, तर मी काही शोधायला चिखलात उतरणार नाही,” जावई माझ्या कानाशी कुरकुरले. लेकीने त्यांना चिमटा काढला. तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या यांनी, जाहीरच केलं होतं, आज पंखा गळला तर रिमोटच्या बोटींचा नाद कायमचा बंद. म्हणून यांनी पंख्याचा नट आवळला, वरून गोंद ओतला, तरी समाधान होईना म्हणून आणखी ओतला.

बोट तळ्यात सोडली. “डावीकडे! हं, आता सरळ!” हे रिमोट दाबत बोटीला बजावत होते. जिकडे माझी ओढणी उडत होती, नेमकी तिकडेच बोट डुलत गेली आणि काठाला टेकली. आम्ही जीव तोडून टाळ्या वाजवल्या. कोणी कोणाकडे बघेना.

यांनी रिमोट खाली ठेवला.

“पंखा गळला नाही,” ते हळूच म्हणाले. “पण फिरलाही नाही. वाऱ्यानेच नेली तिला.”