दर्भाचा कावळा

ऊन चढलं तरी कावळा काही पिंडाला शिवेना.

मीना नदीच्या काठी अख्खं गाव लोटलं होतं. काश्मीरात पडलेल्या सूरजचा दहावा, मग काय, पुढाऱ्यांनी माइक सोडता सोडला नाही. एकानं कमान जाहीर केली, दुसऱ्यानं पुतळा. कावळा आपला करंजाच्या फांदीवर बसून राहिला. सूरजला जिवंतपणीही पुढारी कधी आवडले नव्हते.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

चुलता गेणभाऊ हात जोडून उठला. "सूरज, आईबापाची काळजी सोड. आमी हाये."

कावळा हलला नाही. मग बाप धर्माजी पुढं झाला. "तुझ्या नावानं हितं घाट बांधीन, बाबा." तरी नाही.

आई ठमाबाई पदराआडून सुनेकडं बघत होती. वृषाली मान खाली घालून बसली होती. नवरा-बायको दोघं बीएच्या एकाच वर्षाला. तो फौजेत राहून मुक्त विद्यापीठातून शिकायचा, ती जीपनं नारायणगावच्या कॉलेजात जायची. दोघांची फी त्याच्याच पगारातून. शेवटच्या सुट्टीहून निघताना त्यानं आईला एवढंच सांगितलं होतं, "माझं राहिलं तर राहू दे. हिचं कॉलेज बंद पडू द्यायचं न्हाई."

आणि परवाच धर्माजीनं सुनेची पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. "शहीद जवानाची बायको जीपमधी पोरांच्या मांडीला मांडी लावून जाणार व्हय? गाव काय म्हणंल?" तेव्हा ठमाबाईनं ब्र काढला नव्हता. ते आता तिला आतून खात होतं.

ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "त्याला काय पायजे ते तुमाला ठावं हाय. बोला की."

धर्माजी गुरुजींकडं वळला. "गुरुजी, लई येळ झाला. माणसं खोळंबल्यात. दर्भाचा कावळा करा."

गुरुजींनी दर्भाची काडी वळली, तिला गाठ मारली, पिंडाला टेकवली. "शिवला," म्हणाले. माणसं धोतराची माती झटकत उठली. वरच्या रस्त्यावर मोटरसायकली सुरू झाल्या.

खरा कावळा तिथंच होता. काठ रिकामा होत आला तरी तो वृषालीवरनं नजर काढीना. ठमाबाईच्या अंगावर काटा आला. हट्टाला पेटला की सूरज असाच बसायचा, जेवायचा नाही, बोलायचा नाही, नुसता बघत राहायचा.

धर्माजीलाही ते दिसलं असावं. त्यानं वाकून धोंडा उचलला.

"मारा," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "गोळी खाऊन आलाय त्यो. धोंड्याला काय भ्यायचा न्हाई."

धर्माजीचा हात वरच राहिला. मग बोटं ढिली पडली आणि धोंडा वाळूत पडला.

कावळा उडाला नाही. एक फांदी खाली उतरला.