गयाबाईच्या घरचा अहवाल
बेल्याजवळच्या एका गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या संशोधनासाठी रक्त गोळा करणारी गाडी तीन वर्षांनी पुन्हा आली, तेव्हा आशा कार्यकर्ती रंजीतानं आधी मागचे अहवाल मागितले. मागच्या खेपेला तिनंच घरोघरी फिरून लोकांना हात पुढे करायला लावले होते. अहवाल महिन्याभरात मिळतील, असं आत्ता गाडीसोबत आलेले हेच संशोधक साहेब तेव्हा म्हणाले होते. ते आलेच नाहीत. मधल्या काळात गावातल्या गयाबाईला नातू झाला आणि दीड वर्षाचा होऊन साध्या तापानं गेला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी कळलं, त्याला सिकलसेल होता. "गयाबाईच्या लेकाचा न् सुनेचा अहवाल काढा," रंजीता म्हणाली. साहेबांनी लॅपटॉपवर नावं शोधली. "दोघंही वाहक आहेत. म्हणजे मुलाला आजार होण्याची शक्यता होतीच." "तुमाले कवापासून मालूम हाय?" "तपासणी झाल्यापासून. पण प्रत्येकाला कळवणं आमच्या प्रकल्पात नव्हतं." रंजीता लॅपटॉपसमोर येऊन उभी राहिली. "कळलं असतं तं जन्मल्याबरोबर लेकरू तपासलं असतं आमी. औषध चालू झालं असतं. जगलं असतं ना ते!" साहेब लॅपटॉप मिटायला लागले. तिनं तो मिटू दिला नाही. "चला. हेच गयाबाईले तोंडावर सांगा." ती पुढे, साहेब मागे. कापूस वेचून आलेली गयाबाई अंगणात बसली होती. दोघांना पाहताच तिनं बाही वर सारली. "घ्या बाप्पा. रंजीता म्हनते तं अजून घ्या रगत." रंजीतानं वाकून तिची बाही खाली ओढली आणि ती साहेबांकडे वळली. "बोला."